मुलीचे मामा

"नवरीला कोपराला धरायचं. दंडाला नाही. दंडाला पोलीस धरतात."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्याच लग्नात, बोहल्यावर जायच्या पाच मिनिटं आधी, आणि इतक्या मोठ्याने हसले की आत्याने डोळे वटारले. म्हणणारे गृहस्थ माझे मामा नव्हते. मुलुंडला आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या खोलीत एकटे राहायचे आणि औषधांच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. दाराच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण ते वाचायची गरज फक्त पोस्टमनला पडायची. बाकी सगळ्या सोसायटीचे ते मामा.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा माणूस असेल. नसेल तर तुमचं नशीबच फुटकं, दुसरं काय!

माझ्या आईला भाऊ नाही. तिघी बहिणीच. त्यावाचून आमचं कधी काही अडलं नव्हतं, पण माझं लग्न ठरलं आणि घरात सगळ्यांना एकच घोर लागला: मामा कोण? मंगलाष्टकांच्या आधी भटजी पुकारतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मग मामा नवरीला धरून आणतो आणि पाटावर उभी करतो. काम दोन मिनिटांचं, पण त्या दोन मिनिटांना माणूस लागतो. आईचा एक चुलत भाऊ चिपळूणला होता. त्याने कळवलं, येतो, पण पहिल्या पंगतीला मुलाच्या वडिलांच्या शेजारी बसवणार असाल तरच येतो. बाबा भडकले. "त्यापेक्षा मुलगी एकटी चालत येईल. पाय आहेत तिला!" आई पदर डोळ्याला लावून आत गेली.

संध्याकाळी तळमजल्यावरचे गृहस्थ वर आले. चपला दाराबाहेर काढल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "वहिनी, चालत असेल तर मी उभा राहतो."

आधी दोन-चार मुलींसाठी ते असे उभे राहिले होतेच. पण माझ्यानंतर त्यांचा लौकिक पसरला आणि मुलुंडपासून भांडुपपर्यंतच्या बिनमामाच्या मुली त्यांच्या दारात येऊ लागल्या.

त्यांची कामाची पद्धत सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी ते हॉलवर जायचे आणि नवरीच्या खोलीपासून बोहल्यापर्यंत अनवाणी चालून बघायचे. मग येऊन सांगायचे, "सव्वीस पावलं. अठराव्याला जाजमाची शिवण उसवलीय, तिथे मी पाय देऊन उभा राहीन, तू पुढून जा." कोटाच्या डाव्या खिशात सेफ्टी पिना आणि उजव्या खिशात खडीसाखर. "तोंडात धर. तोंडात खडीसाखर असली की रडता येत नाही." मी करून पाहिलं. खरंच येत नाही. मी दारातच थबकले तेव्हा ते कानाशी म्हणाले, "दम खा गो भाचे. तू गेल्याशिवाय ते काही सुरू करीत नाहीत." एवढी साधी गोष्ट मला त्या दिवशी दुसऱ्या कुणी सांगितली नव्हती.

आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे हा मामा रुसायचा नाही. खऱ्या मामांचे ताप तुम्हाला ठाऊकच आहेत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या लग्नात सख्खे मामा ऐन मुहूर्ताला हॉलच्या मागे जिन्यावर जाऊन बसले होते. का, तर चहा आधी विहिणीला दिला! चार माणसं हातापाया पडून त्यांना घेऊन आली. आमचे मामा असलं काही करायचे नाहीत. शाल दिली तर घेतली, विसरले तर विसरले. पंगतीत शेवटी, आचाऱ्यांबरोबर जेवायचे. बायका म्हणायच्या, "मामा असावा तर असा!" मीही म्हणायचे. त्यांच्या न रुसण्यात काही वावगं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

लग्नांवरच भागायचं नाही. कान टोचायचे असोत, जावळ काढायचं असो, मूल मामाच्या मांडीवर लागतं. सोसायटीतल्या निम्म्या पोरांनी त्यांच्या मांडीवर गळे काढले आणि धोतरं भिजवली. माझ्या मुलाच्या जावळाच्या वेळी तो असा काही उसळला की न्हाव्याचा वस्तरा मामांच्या अंगठ्याला लागला. रक्त आलं. मी घाबरले. ते म्हणाले, "मामाचाच अंगठा आहे, भाच्याचा कान नाही ना? मग पुढे चालू दे."

दिवेलागणीला ते दार-खिडकी उघडी टाकून बसायचे. वरच्या मजल्यांवर पोरांचे पाढे सुरू व्हायचे आणि खालून मामांचा आवाज यायचा, "सतरा साते एकशे सतरा नाही रे, एकोणीस! पुन्हा म्हण!" मग वरून आईची चापट आणि पोराचं भोकाड. कुणाकडे कुळाचार कधी, कुणाच्या नैवेद्यात कांदा चालत नाही, कुणाची सून पहिल्या मंगळागौरीची, सगळं त्यांना पाठ. दुसऱ्यांची घरं तोंडपाठ असलेला हा माणूस आपल्या घरी एक वाटी तांदूळ लावायचा आणि बुधवारी, रविवारी दोन बांगडे तळायचा. आई म्हणायची, लग्नाहून परतले की तास-तासभर कोट न काढता खाटेवर बसून असतात. मला ते ऐकून वाईट वाटायचं, पण त्या वयात आपण किती वेळ कुणाचा विचार करतो?

एका गोष्टीला मात्र ते कधी तयार झाले नाहीत. माझं लग्न झालं त्या वर्षी भाऊबीजेला मी माहेरी आले होते. आईने पाट मांडला, निरांजन लावलं आणि मला म्हणाली, "जा, मामांना बोलाव. तुझे मामा ते माझे भाऊ. आज ओवाळते त्यांना."

मी खाली गेले. मामा दारातच खुर्ची टाकून बसले होते. अंगात कोरा शर्ट, घडीच्या रेषा तशाच. केस पाणी लावून चापून बसवलेले. दार सताड उघडं.

निरोप ऐकून म्हणाले, "वहिनींना सांग, मामा मी कुणाचाही होईन. भाऊ नाही होणार."

"हे काय आता? मामा आणि भाऊ वेगळे असतात का?"

"भाऊ मी एकीचाच आहे गो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आईला ते पहिल्यापासून वहिनी म्हणत होते. एकदाही ताई म्हणाले नव्हते.

"बहीण आहे तुम्हाला? कुठे असते?"

"अंधेरीला."

मी थक्क झाले. मला वाटलं होतं, बेळगाव सांगतील, नाहीतर दुबई. अंधेरी! घाटकोपरला उतरायचं आणि बस धरायची. फार तर दीड तास.

मग त्यांनी सांगितलं ते असं. आई लहानपणीच गेलेली. वडील गिरणीत, रागाने जमदग्नी. हे आणि धाकटी बहीण, दोघंच एकमेकांना. ती नोकरीला लागली आणि ऑफिसातल्याच एका परजातीच्या मुलाशी लग्न ठरवून आली. वडील म्हणाले, या लग्नाला जो जाईल त्याला हे घर बंद. मामा तेव्हा तेवीस वर्षांचे. बहिणीने आदल्या रात्री एवढंच म्हटलं, "दादा, बाकी कुणी नको. लाह्यांपुरता ये." होमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो ना, तेवढ्यापुरता.

"मग?"

"गेलो होतो. हॉलच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे पानवाला होता, तिथपर्यंत. तासभर उभा होतो. सनई वाजली, थांबली. रस्ता ओलांडायचा होता फक्त." त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट फिरवलं. "माका जमला नाय गो."

भटजींनीच म्हणे तिच्या ओंजळीत लाह्या घातल्या. पुढे कुणाकडून तरी त्यांच्या कानावर आलं, ती म्हणाली, माझ्या लग्नात भाऊ नव्हता, माझ्या मुलांना मामा नाही. वडील गेले, वर्षं गेली. दोघांपैकी कुणीच कुणाच्या दारी गेलं नाही.

"आज येणार आहे का ती?"

"दार उघडं ठेवलंय."

आता मात्र माझा तोल सुटला. "मामा, भाऊबीजेला बहीण येत नाही, भाऊ जातो. हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्हाला?"

"ठाऊक आहे. पण ज्या दिवशी जायचं होतं त्या दिवशी गेलो नाही. आता बोलावल्याशिवाय कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी वर येऊन आईला सांगितलं. आईने निरांजन शांत केलं आणि फराळाचं ताट खाली पाठवलं. त्यानंतर दर वर्षी भाऊबीजेला मी माहेरी यायचे तेव्हा ते तसेच बसलेले दिसायचे. कोरा शर्ट, उघडं दार. शेजारणी येता-जाता हसायच्या, तेही हसायचे. दिवे लागले की उठून दार लोटायचे.

अशी पाच-सहा वर्षं गेली. एका चैत्रात मामा भांडुपला माझ्या घरी आले. कधी न येणारा माणूस, म्हणून मी घाबरूनच दार उघडलं. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून लग्नपत्रिका काढली. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, पाकिटावर तिकीट, शिक्का.

"भाचे, वाच. माझ्या भाचीचं लग्न आहे. सख्ख्या."

मी वाचली. निमंत्रकांत त्यांचं नाव नव्हतं, कुठेच नव्हतं. "पोस्टाने पाठवली?"

"पोस्टाने तर पोस्टाने. बोलावलं ना?" त्यांचा चेहरा इतका उजळला होता की माझी जीभ पुढे रेटेना.

मुलुंडला आईला दाखवली तेव्हा तिची रेटली. आमची आई काय, कुणाच्या बापाला ऐकायची नाही. "पोस्टाने पत्रिका ऑफिसातल्या लोकांना पाठवतात. सख्ख्या मामाला घरी येऊन अक्षत द्यायची असते. देवाच्या खालोखाल मान असतो त्याचा! अहो, असे गप्प काय बसलात? जा अंधेरीला आणि भांडा चांगले कडकडून!"

"भांडायला हक्क लागतो वहिनी," मामा म्हणाले.

नवरीला मामाकडून पिवळी साडी लागते. ती घ्यायला आम्ही दोघं घाटकोपरला गेलो. त्यांनी दुकानदाराला बेजार केलं. ही फिकी, ती भडक, हिचा पदर आखूड. शेवटी एक निवडली आणि दोन्ही हातांत धरून दुकानाच्या पायऱ्या उतरले. मी म्हटलं, चला, अशीच बस धरू आणि अंधेरीला देऊन येऊ. ते थबकले. पाच मिनिटं फुटपाथवर उभे होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात. मग म्हणाले, "नको. आपण होऊन नेली तर हक्क सांगायला गेल्यासारखं होईल. अजून पंधरा दिवस आहेत. अक्षत द्यायला येतीलच की. आले की त्यांच्याबरोबरच देतो."

पंधरा दिवसांचे आठ झाले, आठाचे दोन. कुणी आलं नाही.

लग्नाला मला बरोबर चल म्हणाले. "एकटा गेलो तर पानवाल्यापाशीच थांबेन," असं म्हणून हसले, पण मला काही हसू आलं नाही. बसमध्ये सगळा वेळ कोट मांडीवर घेऊन बसले होते. साडी आणली नव्हती. अंधेरीचा हॉल मोठा होता. आम्ही शेवटून दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसलो. कुणी विचारलं नाही, तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे. मी त्यांच्याकडे पाहिलं. नजर खोलीच्या दारापासून बोहल्यापर्यंत जात होती आणि ओठ हलत होते.

अंतरपाट धरला गेला. भटजींनी माइकवर पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

"आलो!"

मामा ताडकन उठले होते. इतक्या लग्नांची सवय! माझा हात त्यांच्या कोटापर्यंत पोचायच्या आत ते रांगेतून बाहेर पडून मधल्या वाटेने चार-पाच पावलं गेलेसुद्धा. आणि समोरून नवरी आली. तिला धरून एक सफारीतले गृहस्थ येत होते, बहुतेक तिच्या वडिलांचे मित्र. वाटेच्या मधोमध मामा उभे. चार माना वळल्या. व्हिडिओवाल्याने दिवा त्यांच्या तोंडावर मारला आणि ओरडला, "ओ काका, बाजूला व्हा ना! मधे कुठे येता?"

ते बाजूला झाले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मंगलाष्टकं सुरू झाली. कुणीतरी त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या होत्या, त्या प्रत्येक "सावधान"ला दोन-दोन दाणे करून ते तिथूनच टाकत राहिले. कुठल्या बोहल्यापर्यंत पोचणार त्या! मला रडूही येत होतं आणि त्यांच्या त्या बहिणीचा असा संतापही आला होता की उठून तिला चार शब्द सुनवावेत.

ती बाई स्वतःच आली. माळा घालून झाल्या, गर्दी हलली आणि वाट काढत सरळ त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. चेहरा अगदी मामांचाच. दोघांत हातभर अंतर. तेवीस-चोवीस वर्षांनी बहीणभाऊ एकमेकांना बघत होते.

शेवटी ती म्हणाली, "जेवल्याशिवाय जाऊ नका."

जाऊ नका! सख्ख्या भावाला! पाहुण्याला म्हणतात तसं.

"हो हो," मामा म्हणाले.

ती तरीही तिथेच उभी राहिली. हलेना. मामांनी कोटाचं बटण लावलं, काढलं आणि म्हणाले, "छान झालं सगळं. व्यवस्था उत्तम."

तिने मान हलवली आणि गेली.

मी म्हटलं, "चला मामा, इथे पाणीसुद्धा प्यायचं नाही." ते ऐकेनात. "जेवायला सांगितलंय तिने." पंगतीला बसले आणि पानातलं सगळं, मीठ-लिंबासकट, सावकाश संपवलं. परतीच्या बसमध्ये एकदाच बोलले. "तिचे केस पांढरे झाले गो."

त्यानंतर ते कुणाचेच मामा म्हणून उभे राहिले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची मंडळी मुलीच्या लग्नासाठी बोलवायला आली तेव्हा म्हणाले, "पाय दुखतात आता." ती पिवळी साडी मात्र त्या मुलीला दिली. दिवेलागणीला पोरं पाढे चुकायची आणि खालून कुणी ओरडायचं नाही.

गणपती गेले आणि आठ-दहा दिवसांत मामाही गेले. दुपारी स्टोअरमध्ये, खोक्यांच्या रांगेत, स्टुलावर बसल्या बसल्या. कंपनीतून सोसायटीच्या फोनवर फोन आला, आईने मला कळवलं. मी पत्रिकेवरचा पत्ता घेऊन टॅक्सीने अंधेरीला गेले. दारातच त्या बाईला सांगितलं. हाताला लागलेलं कणकेचं पीठ न धुता ती तशीच पायात चपला घालून माझ्याबरोबर निघाली. मुलुंडला आल्यावर त्यांच्या उशाशी बसली आणि न्यायला माणसं जमेपर्यंत त्यांच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. त्यांच्या केसांना पीठ लागलं, ते कुणी पुसलं नाही.

मी तिला माफ केलं नव्हतं. खोटं कशाला बोलू? म्हणून त्या वर्षी भाऊबीजेला, आईने दिलेला फराळाचा डबा घेऊन अंधेरीला गेले तेव्हा मनात तेच होतं, आज हिला सगळं सांगायचं. दर वर्षी तो माणूस कसा बसायचा ते हिला कळू दे.

संध्याकाळ झाली होती. घरात ती एकटीच. मी डबा ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. कोरा शर्ट, खुर्ची, सताड उघडं दार. पत्रिका आली त्या दिवसाचा त्यांचा चेहरा. घाटकोपरचा फुटपाथ.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पत्रिका मीच टाकली पोस्टात. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"मग काय तर! पोस्टाने पत्रिका आली म्हटल्यावर सख्खा भाऊ गप्प बसेल का? मला वाटलं, तणतणत येईल. दारातूनच ओरडेल, मला पोस्टाने पाठवतेस? मामा मी आहे तिचा! मी वाट बघत होते गं. रोज. मुलीला सांगून ठेवलं होतं, एक माणूस भांडायला येईल, त्याला आत घे." तिने पदराने तोंड पुसलं. "हॉलमध्ये समोर जाऊन उभी राहिले. मुद्दाम अहोजाहो केलं. म्हटलं, आता तरी चिडेल. तर म्हणतो कसा, व्यवस्था उत्तम! परक्या माणसाने म्हणावं तसं. रुसला असता ना, तर मी सगळ्या हॉलदेखत पाय धरले असते त्याचे."

त्यांच्या न रुसण्याचं कौतुक मीही इतकी वर्षं केलं होतं.

"मुलुंडला दार उघडं," ती म्हणाली, "आणि इथे पाट मांडलेला. दर भाऊबीजेला. मधे काय होतं गं? एक बस!"

तेव्हा मी पाहिलं. कोपऱ्यात पाट होता. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता. "यंदा दिवाळी नाही आमच्याकडे," ती म्हणाली. "हात आपोआप करत गेले." तिने निरांजन लावलं, ताट उचललं आणि गॅलरीत गेली. मी मागोमाग गेले. समोरच्या दोन बिल्डिंगींच्या फटीत बीजेची कोर दिसत होती, नखाएवढी.

"भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात ना? मी भाऊ असून ओवाळलं. आधी पाटाशी बसून वाट बघायची, मग अंधार पडायच्या आत इथे यायचं. ओवाळताना एकच मागायचे, पुढच्या वर्षी तरी त्याला पाठव." तिने ताट छातीपर्यंत वर नेलं आणि तिथेच थांबली. "यंदा काय मागू गं?"

ताट एका बाजूला कलायला लागलं तेव्हा मी ते खालून धरलं, आणि कोर बिल्डिंगीमागे जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.